धन्याचा धीर

उज्जैनच्या रामघाटावर गेलेल्या मराठी माणसास शिंद्यांचे स्मरण होणे स्वाभाविकच. १८१० पर्यंत त्यांची राजधानी इथेच होती. १७८७ मध्ये लालसोटच्या रणात पादशाही पलटणी महादजींना सोडून शत्रूस मिळाल्या. महादजी चंबळेपर्यंत मागे हटले. परंतु उत्तरेचा नाद त्यांनी सोडला नाही. लखबादादा लाड तेव्हा आग्र्याच्या किल्ल्यात वेढले गेले होते. धनी परतणार, ही खात्रीच त्यांची खरी शिदोरी असली पाहिजे. महिनोन्महिने त्यांनी किल्ला झुंजविला. जून १७८८ मध्ये राणेखानांनी शत्रूचा मोड करून त्यांना सोडविले.

आपल्या कचेरीतील वा पेढीवरील वरिष्ठांनी हे ध्यानी धरावे. हाताखालची माणसे उपदेश विसरतात. पडत्या काळातील धन्याचे वर्तन मात्र विसरत नाहीत.