गोळ्यांचं बिल कोण भरणार?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. अँजिओप्लास्टी मोफत होते. त्यानंतर जन्मभर घ्यायच्या गोळ्या मात्र बहुतेकदा खिशातूनच. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल किंमत लावली. यादीबाहेरच्या औषधांची छापील किंमत कंपन्या वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतात. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाचं औषध स्वस्त मिळतं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतं ब्रँडचं नाव. सरकारी दवाखान्यातला साठा संपला, की ‘बाहेरून आणा’ ठरलेलं. मधुमेह-रक्तदाबाची नेहमीची औषधं योजनेत आणा, चिठ्ठीवर घटकाचं नाव सक्तीचं करा. गोळ्या परवडत नाहीत म्हणून रुग्ण पुन्हा दाखल झाला, तर ते बिल शेवटी सरकारच भरतं.