गिअरबॉक्स बदलावा, पण कशासाठी?

1977 ते 1985 या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या मर्सिडीज 300डी या डिझेल गाड्या तिथे फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मिळत. त्यांतल्या ज्या आजही धावताहेत, त्यांच्या मालकांना एक सल्ला हमखास मिळतो: ऑटोमॅटिक काढून टाका आणि मर्सिडीजच्याच 240डी या डिझेल गाडीचा चार गिअरांचा मॅन्युअल बसवा, धक्के थांबतील, ॲव्हरेज वाढेल, पिकअप सुधारेल. गिअरबॉक्स बदलण्याला माझा विरोध नाही. पण ही तीन कारणे तपासली तर एकही पुरेसे ठरत नाही.

आधी धक्के. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे व्हॅक्यूम आपोआप तयार होतो. या डिझेल इंजिनात तो वेगळ्या पंपाने तयार करावा लागतो. इंजिनावर भार किती आहे, हे ऑटोमॅटिकला त्याच व्हॅक्यूमवरून कळते. व्हॅक्यूम कमी पडला की गिअर धक्क्याने पडतो आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी येतो. हाच पंप दरवाज्यांची लॉक, ब्रेकचा बूस्टर आणि इंजिन बंद करण्याची यंत्रणाही चालवतो, त्यामुळे लॉकमधल्या गळतीचा धक्काही गिअर बदलताना बसू शकतो. ‘जुन्या रबरी नळ्यांच्या मागे किती दिवस लागायचे?’ असा आक्षेप येतो. पण मॅन्युअल बसवला तरी ब्रेक त्याच व्हॅक्यूमवर राहणार. गळती शोधणे कुणालाच चुकत नाही. ॲव्हरेजचे म्हणावे, तर दोन्ही गिअरबॉक्सचा चौथा गिअर एकास एकच आहे. हायवेवर इंजिनाचे फेरे जवळपास तेवढेच राहतात. वाचते ती टॉर्क कन्व्हर्टरची थोडी घसर. आणि पिकअप? 240डीचा गिअरबॉक्स 3.69 गुणोत्तराच्या डिफरन्शियलसाठी जुळवलेला. 300डीच्या टर्बो आवृत्तीला 1985 पूर्वी 3.07 चे डिफरन्शियल असे. तोच गिअरबॉक्स तिथे लावला की इंजिनाच्या तेवढ्याच टॉर्कला प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ 3.69 च्या तुलनेत सुमारे सतरा टक्क्यांनी घटते. टर्बो जागा होण्याआधी कन्व्हर्टर जो टॉर्क वाढवून देत होता, तोही जातो. चढावर गाडी उचलताना क्लच झिजणार, आणि 240डीच्या दीडपटीहून अधिक टॉर्कचा भारही त्याच क्लचवर पडणार.

मग बदल करावाच कधी? ऑटोमॅटिकच्या आतल्या क्लच प्लेट खरोखर संपल्या असतील, तो पुन्हा बांधणे परवडत नसेल आणि भंगारातली अख्खी 240डी हाताशी असेल, तेव्हा. पेडल, क्लचचे दोन्ही सिलिंडर, गिअरचे लिंकेज, प्रोपेलर शाफ्ट हे सारे एकाच गाडीतून आले तरच हिशोब जमतो. फ्लायव्हीलचा बॅलन्स मात्र ऑटोमॅटिकच्या जुन्या फ्लेक्स प्लेटशी जुळवून घ्यावा लागतो. त्यातही बिनटर्बोच्या 300डीची बाजू अधिक बळकट आहे: तिचे डिफरन्शियल 3.46 चे, टॉर्क कमी, आणि मुळात मोजक्याच ताकदीच्या इंजिनाला कन्व्हर्टरची घसर शहरात जास्त जाणवते. ‘यामुळे गाडीचे मूळपण जाते’ हा आक्षेप मात्र टिकत नाही. युरोपात 300डी मॅन्युअलसह विकली जात होती. 240डीचे ओएम 616 हे याच घराण्यातले इंजिन पुण्याच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्समध्ये मॅन्युअल गिअरबॉक्सलाच जोडले. या इंजिनांना मॅन्युअल परका नाही. म्हणून गिअरबॉक्सची ही अदलाबदल दुरुस्ती म्हणून करावी, सुधारणा म्हणून नव्हे. आणि व्हॅक्यूम गेज लावून पाहण्याआधी तर नाहीच.