रंग वाराचा, वस्त्र ऋतूचे

आश्विन शुद्ध प्रतिपदा आमच्या शेवगाव तालुक्यात मोठ्या लगबगीने उजाडते. शेतातली काळी माती परडीत आणावयाची, तीत धान्य पेरावयाचे, वर घट मांडावयाचा आणि बांधावरून तरवडाची, कारळ्याची पिवळी फुले खुडून आणून पहिली माळ बांधावयाची. इकडे अमरापूरच्या रेणुकामातेकडे आणि तिकडे पाथर्डी तालुक्यातील मोहटादेवीच्या गडाकडे भाविकांची रीघ लागते. या परंपरागत लगबगीत गेल्या वीस वर्षांत आणखी एका कामाची भर पडली आहे. आदल्या रात्री घराघरांतून प्रश्न ऐकू येतो, "उद्या रंग कोणता?"

आम्ही कीर्तनकार. पोथी उघडून बसणाऱ्या माणसास लोक शास्त्राधार विचारणारच. "बुवा, हे नऊ रंग कोणत्या ग्रंथात सांगितले आहेत?" असे आम्हांस अनेकदा विचारले गेले आहे. आजवर आम्ही हसून वेळ मारून नेली. यंदा मात्र स्पष्ट उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. त्याचे कारण पुढे येईलच.

उत्तर थोडक्यात असे. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्य, ज्यास आपण सप्तशती म्हणतो, त्याच्या तेरा अध्यायांत नऊ दिवसांचे नऊ रंग नाहीत. शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंत नवदुर्गांची नावे देवीकवचात आहेत, परंतु त्या नावांपुढे भक्ताने अमुक दिवशी अमुक रंग परिधान करावा, असा क्रम तेथे नाही. ध्यानश्लोकांत देवीच्या कांतीचे व रूपाचे वर्णन आहे, ते तिचे आहे. आपल्या कपाटाची यादी त्यात शोधू नये.

मग हे रंग आले कोठून? या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत 'महाराष्ट्र टाइम्स' या दैनिकाने नवरात्रीच्या प्रत्येक दिवसाचा रंग जाहीर करण्याचा आणि त्या रंगाची वस्त्रे नेसलेल्या महिलांची छायाचित्रे छापण्याचा उपक्रम केला. मुंबईच्या लोकलगाड्यांत, बँकांत, कचेऱ्यांत तो पसरला आणि पाहता पाहता गावोगाव पोहोचला. रंग ठरतो तो साधारणतः वारावरून. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा आणि रविवारी नारिंगी. उरलेल्या दोन दिवसांस मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतील कोणते तरी दोन. २०२४ साली घटस्थापना गुरुवारी, ३ ऑक्टोबरला आली म्हणून पहिला रंग पिवळा होता. २०२५ साली ती सोमवारी, २२ सप्टेंबरला आली म्हणून पहिला रंग पांढरा झाला. यात ग्रहांचा संबंध शोधू म्हटले तर तोही पुरता जुळत नाही. सोमाचा पांढरा, मंगळाचा लाल आणि गुरूचा पिवळा हे ठीक, परंतु ज्योतिषात हिरवा रंग बुधाचा व पांढरा शुक्राचा मानतात. येथे बुधवार निळा आणि शुक्रवार हिरवा आहे. सारांश, ही एक अलीकडची फॅशन आहे.

फॅशन म्हटले की नाक मुरडावे, असे आमचे मत नाही. आमच्या सूनबाई नोकरी करतात. त्या एकदा आम्हांस म्हणाल्या, "मामा, वर्षभर डबा, बस आणि हजेरीपट यांतच दिवस जातो. हे नऊ दिवस कचेरीत साहेबबाई आणि झाडलोट करणाऱ्या मावशी एकाच रंगात असतात. तेवढा तरी आनंद असू द्या." यास आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि उत्तर देण्याचे कारणही नव्हते. सणाचे वस्त्र मनास उल्हास देते, ही गोष्ट कोणत्या शास्त्राने नाकारली आहे?

किंबहुना ऋतूप्रमाणे वेष बदलणे ही आपली फार जुनी रीत आहे. कालिदासाच्या ऋतुसंहारात शरद ऋतू नववधूसारखा येतो आणि तिचे वस्त्र असते काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांचे. त्याच काव्यात वसंतातील स्त्रिया करडईच्या फुलांच्या तांबूस रंगात रंगविलेली वस्त्रे नेसतात. पौषात संक्रांतीस आपल्या घरोघर काळी चंद्रकळा नेसतात, कारण काळे वस्त्र थंडीत ऊब धरून ठेवते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात ऋतुचर्या सांगताना हेमंतात जाड, उबदार पांघरुणे आणि वर्षाकाळी हलके व शुद्ध वस्त्र सांगितले आहे. ज्या शरदात आपले नवरात्र येते त्या शरदासाठी त्यांनी तीन गोष्टींची प्रशंसा केली आहे : त्या ऋतूतील फुलांच्या माळा, निर्मळ वस्त्रे आणि सायंकाळचे चांदणे. वाचकांनी लक्षात घ्यावे की येथे रंगाचे नाव नाही. निर्मळ एवढाच शब्द आहे.

आता ज्या कारणास्तव लेखणी हाती घेतली ते सांगतो. तीन वर्षांमागे तालुक्यातील एका गावी नवरात्रात आमची कीर्तने होती. प्रत्येक रात्री कीर्तन संपताना व्यवस्थापक मंडळी आमच्या हाती एक चिठ्ठी देत आणि आम्ही व्यासपीठावरून दुसऱ्या दिवशीचा रंग पुकारीत असू. टाळ्या पडत. आम्हांसही त्यात काही वावगे वाटले नाही. एके दिवशी मोरपंखी रंग होता. सभामंडप मोरपिसाऱ्यासारखा फुललेला. आम्ही उत्तररंगास सुदाम्याचे आख्यान लावले होते. भागवताच्या दशम स्कंधात सुदाम्याचे वर्णन 'कुचैल' या शब्दाने केले आहे, म्हणजे ज्याचे वस्त्र फाटके आणि मळके आहे असा. तो तसाच द्वारकेत आला, पहारे ओलांडून आत गेला आणि भगवंताने पलंगावरून उठून त्यास कवटाळले. हे आम्ही रंगवून सांगत होतो आणि श्रोत्यांचे डोळे पाणावत होते.

कीर्तन आटोपून बाहेर आलो तो पायऱ्यांपाशी, चपलांच्या शेजारी, एक बाई बसलेली दिसली. कपाशीच्या वेचणीस जाणारी होती. अंगावर विटकी, पण स्वच्छ धुतलेली तांबडी साडी. ही बाई पहिल्या माळेपासून पुढच्या रांगेत बसत असे, म्हणून आम्ही ओळखले. विचारले, "ताई, आज आत का नाही आलात?" ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बुवा, काल तुम्हीच पुकारलं ना, आज मोरपंखी म्हणून. माझ्याकडं न्हाई तसली. बायांचा फोटो काढणार होते, म्हणलं मधी कशाला बसायचं. हितून बी ऐकू येतं की."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच आम्हांस अधिक लागले. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दिवसभर वाकून वेचलेल्या कापसाच्या मजुरीत घर चालवावयाचे की नवी साडी घ्यावयाची? ज्या मातीत कापूस पिकतो, त्याच मातीत राबणारी बाई वस्त्रापायी देवीच्या दाराबाहेर बसली होती. आणि आत आम्ही फाटक्या वस्त्राच्या सुदाम्याचे गुणगान करीत होतो! द्वारकेच्या पहारेकऱ्यांनी ज्यास अडविले नाही, तशा भक्तास आमच्या एका चिठ्ठीने अडविले. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

रंग हा आनंद आहे तोवर त्यास कोणी बोट लावू नये. रंग नसलेल्या माणसास बाहेर बसावेसे वाटू लागले की तो पहारेकरी झाला. हे काम कोणी मुद्दाम करीत नाही, म्हणूनच त्याकडे लक्ष देणे अवश्य आहे. शाळेतल्या मुली, घरकाम करणाऱ्या बाया, दसरा उलटताच कोयता घेऊन ऊसतोडणीस निघणारी कुटुंबे, या सर्वांच्या घरी नऊ दिवसांत नऊ रंग निघतीलच असे नाही. मग आई मुलीला म्हणते, "आज जाऊ नकोस." हे वाक्य नवरात्रात कोणत्याही घरी उच्चारले जाऊ नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.

याच चरकाचार्यांनी निर्मळ वस्त्र नेसण्याचे गुण एके ठिकाणी सांगितले आहेत. ते शोभा देते, आयुष्य वाढविते, अलक्ष्मी घालविते, मन प्रसन्न करते आणि माणसास सभेत बसण्यास योग्य करते. हा शेवटचा गुण वाचताना आम्हांस आता ती तांबडी साडी आठवते. धुतलेली होती, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने ती बाई सभेच्या पहिल्या रांगेत बसण्यास योग्य होती. अयोग्य होती ती आमची चिठ्ठी.

तेव्हा नवरात्रीचा रंग कसा वागवावा, याविषयी आमच्या अल्पमतीस सुचते ते असे. पहिली गोष्ट, रंगासाठी बाजार गाठण्यापूर्वी ट्रंक उघडावी. साडी त्या रंगाची नसेना का, काठ असेल, चोळी असेल, हातभर बांगड्यांत चार बांगड्या असतील. तेही नसेल तर फूल आहे. आपल्या नवरात्रात रंग पूर्वी नेसण्यात नव्हता, तो माळेत होता. घटावर रोज एक माळ चढे आणि ती परसातल्या, बांधावरच्या फुलांची असे. पिवळ्यास शेवंती वा तरवड, नारिंगीस झेंडू, लालास जास्वंद, पांढऱ्यास तगर, निळ्यास गोकर्ण, हिरव्यास बेलाचे पान. शनिवारच्या करड्यास मात्र फूल सापडत नाही. त्यास देवीचा अंगारा आहे. कपाळी बोट लावले की झाला तो दिवसाचा रंग, आणि याहून श्रेष्ठ करडा रंग कोणत्या दुकानात मिळेल?

दुसरी गोष्ट ऋतूची. आश्विनातले दुपारचे ऊन चटका देते आणि जागराच्या उत्तररात्री दव पडते. गड चढणाऱ्याने, रांगेत उभे राहणाऱ्याने अंगावर सुती वस्त्र ठेवावे आणि खांद्यावर एखादी शाल. घाम न टिपणारी, एका दिवसापुरती घेतलेली चकचकीत साडी छायाचित्रात शोभत असेल, परंतु शरीरास ती सुख देत नाही आणि दोन धुण्यांत ती पुसण्याच्या कामाचीही राहात नाही.

तिसरी गोष्ट टिकण्याची. गोदावरीपलीकडे आमच्या शेजारी पैठण आहे, सातवाहनांचे प्रतिष्ठान. तेथील पैठणी आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे येते. अशी एखादी जुनी साडी घरी असेल तर घडी मोडून नेसावी. दसऱ्यानंतर ती सावलीत वारवून, जुन्या घडीवर घडी न पाडता, मऊ सुती फडक्यात बांधून ठेवावी. महिषासुराशी युद्ध करण्यापूर्वी देवांनी देवीस जे दिले, त्याचे वर्णन सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. त्यात क्षीरसागराने तिला निर्मळ हार आणि कधीही जुनी न होणारी दोन वस्त्रे दिली. जगदंबेस दोन वस्त्रे पुरली. गीतेतील आत्माही वस्त्र जीर्ण झाल्यावरच टाकतो. आपणच काय ते एका दिवसात टाकू लागलो आहोत.

चौथी गोष्ट आम्हां कीर्तनकारांची व मंदिरांच्या मंडळींची. व्यासपीठावरून रंग पुकारू नये. छायाचित्र काढावयाचे तर सर्वांचे काढावे. देवीस आलेली वस्त्रे अनेक ठिकाणी प्रसाद म्हणून दिली जातात, ती ज्यांस गरज आहे त्यांच्या ओटीत पडावीत, आणि देताना त्याचा गाजावाजा होऊ नये.

नाथमहाराजांनी देवीचा जो जोगवा मागितला, त्यात द्वैत दूर सारून माळ घालण्याची आणि भेद टाकून वारीस जाण्याची प्रतिज्ञा आहे. दंभास तर त्यांनी सासरा करून टाकून दिले आहे. पैठणीच्या गावी राहणाऱ्या संताने देवीपुढे जाताना कोणते वस्त्र उतरवून ठेवले, हे यावरून कळावे.

त्या प्रसंगानंतर आम्ही चिठ्ठी घेणे बंद केले. पुढील वर्षी त्याच गावी गेलो तेव्हा आरंभीच सांगितले की, जे धुतलेले असेल ते नेसून यावे, तोच आमच्याकडे नऊही दिवसांचा रंग. काही मंडळी हसली. काही मोरपंखी नेसूनच आल्या आणि सुरेख दिसल्या. ती बाई तांबड्या साडीत आली, केसांत झेंडूचे फूल होते, आणि पुढच्या रांगेत तिच्या जागी बसली.

आईचा उदो असो.