‘पोटासाठी बाटले’ म्हणणारांस

धर्मांतर केलेल्या माणसासाठी आपल्या देशात एक शिवी ठरून गेली आहे : ‘पोटासाठी बाटला.’ ख्रिस्ती झालेल्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आणि 1956 नंतर ती आम्हां बौद्धांच्याही वाट्यास आली. शिवी देणारा मात्र पोटाचा हिशेब कधी मांडीत नाही. तो हिशेब आज आपणच मांडू, आणि तो ख्रिस्ती बांधवांच्या खात्यापासून मांडू.

प्रथम पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. दुष्काळाने त्यांचे आईबाप नेले. 1880 साली भाऊ गेला; 1882 साली पटकीने पती गेले. पदरी एक लहान मुलगी राहिली. 1883 साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा महाराष्ट्रातील पुढारी तुटून पडले. जोतीराव फुले मात्र 1885 साली ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. 1893 साली शारदा सदनातील मुली ख्रिस्ती होत असल्याची ओरड झाली आणि सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले. बाई डगमगल्या नाहीत. पुढच्याच दुष्काळात त्यांनी केडगावी शेकडो निराश्रित मुलींस आसरा दिला. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा निवर्तली. त्या आघातानंतरही बाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर हातचे सोडले नाही. ते पुरे केले आणि 1922 साली देह ठेवला. पोटासाठी घेतलेला धर्म एवढी दुःखे पचवू शकतो काय?

कोणी म्हणेल, रमाबाई विदुषी होत्या, त्यांच्या पाठीशी परदेशची मदत होती. ठीक आहे. मग मद्रासच्या रस्त्याकडेला बसून जोडे शिवणाऱ्या सूसाईचे पाहा. हा आदि-द्रविड समाजातून ख्रिस्ती झालेला मनुष्य. चर्मकारांना फुकट टपऱ्या देण्याची सरकारी योजना निघाली. ती ख्रिस्ती असल्यामुळे त्यास लागू झाली नाही. जात तीच, काम तेच, ऊन-पाऊस तोच. अंतर केवळ धर्माचे! तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1985 साली हरला. धर्मांतरानंतरही जातीची पिडा तितक्याच तीव्रतेने चालू राहते, हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. आता शिवी देणाऱ्यांनी सांगावे, येथे पोट कोणत्या बाजूला होते? टपरी हिंदू म्हणवून घेण्याच्या बाजूला होती. सूसाई मात्र ख्रिस्ती म्हणूनच न्यायालयात उभा राहिला.

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेस निघाले की तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले सोनगीर लागते. तेथील जाणती गृहिणी भांडे घेताना कल्हईच्या चकाकीवर भुलत नाही. चुलीवर कल्हई उडते, धातू उरतो, हे तिला ठाऊक असते. धर्मांतर ही वरची कल्हई आहे असे म्हणणाऱ्यांनी या चुलीकडे एकदा पाहावे. जो धर्म धरल्याने मिळावयाचे तेच जाते, तो ज्यांनी सोडला नाही त्यांची श्रद्धा विकत घेतलेली नव्हे.

परंतु एवढी वाहवा करून आपले कर्तव्य संपत नाही. ही चूल पेटविली कोणी? अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या कलमाने! हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नव्हे, असे ते कलम म्हणाले. 1956 साली त्यात शिखांचा आणि 1990 साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान दलित अद्याप बाहेरच आहेत.

या कलमाचा विपरीतपणा खानदेशातच पाहा. नवापूरकडील भिल्ल ख्रिस्ती झाला तरी अनुसूचित जमातीचा राहतो, कारण जमातींच्या आदेशात धर्माची अटच नाही. आणि ते योग्यच आहे. पण उद्या सोनगीर परिसरातील एखादे महार कुटुंब ख्रिस्ती झाले तर ते अनुसूचित जातीतून बाद होईल. महाराष्ट्रात त्यास इतर मागासवर्गाच्या सवलती मिळतील हे खरे. पण राखीव जागेवरून त्यास निवडणूक लढविता येणार नाही, आणि जातीवरून मारहाण झाली तर 1989 च्या अत्याचार-प्रतिबंधक कायद्याचा आधार मिळणार नाही. मारणारा मारताना धर्म विचारतो काय? 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने हे कलम काढावे अशी शिफारस केली. ती तशीच पडून राहिली. 2022 साली न्यायमूर्ती बाळकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला आणि त्यास मुदतवाढ मिळत गेली.

ख्रिस्ती धर्मोपदेशकांसही आमचे एक सांगणे आहे. आजार, मृत्यू, वियोग या दुःखांत तुमची श्रद्धा माणसास धीर देते. त्याबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु कायद्याने लादलेले दुःख हा क्रूस नव्हे. ते निमूट सोसावयास शिकविणे म्हणजे अन्यायाची पाठराखण करणे होय. 1938 साली सोलापुरास ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी हेच ऐकविले होते : तुमच्यात शिक्षण आहे, पण अशिक्षित अस्पृश्य जसे अन्यायाविरुद्ध झगडले तसे तुम्ही झगडला नाहीत. भगवंतांनी दुःख सांगितले तसे त्याचे कारणही सांगितले आणि ते नाहीसे करण्याचा मार्गही दाखविला. येथे कारण कायद्याच्या पुस्तकात छापलेले आहे. ते खोडता येते.

आणि बंधु-भगिनींनो, आपण स्वतः काय करावे? केंद्राच्या सवलतींवाचून आपल्या आईबापांनी 34 वर्षे काढली. तरीही बुद्धाला सोडले नाही. दाखल्यावर ‘हिंदू’ लिहावे की ‘बौद्ध’ लिहावे, हा प्रश्न ज्या घरांत लेकरांच्या शिक्षणाशी बांधला गेला होता, त्या घरांतील मुलांनी शेजारच्या ख्रिस्ती घराची अडचण परकी मानू नये. ‘वाटेकरी वाढतील’ अशी भीती घालणारे भेटतील. राखीव जागांचे प्रमाण वाढवून मागा, पण दाराला कडी लावू नका. 1990 पर्यंत त्या दाराबाहेर आपणच उभे होतो.