ब्यूरनकरांची वंशावळ

आपल्याकडे कुणी आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मूळ गाव कुठलं?" आम्हा बेळगावकरांना तर तो जरा जास्तच विचारला जातो. म्हणूनच अमेरिकेत गेलेल्या डच घराण्यांच्या वंशावळी वाचायला घेतल्या, तेव्हा मला त्या फारशा परक्या वाटल्या नाहीत.

अमेरिकेचे आठवे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांचंच बघा. डच भाषेत 'व्हॅन' म्हणजे 'चा', 'कडचा'. म्हणजे हे चक्क ब्यूरनकर! त्यांचा मूळ पुरुष कॉर्नेलिस मासेन १६३१ मध्ये नेदरलँड्समधल्या ब्यूरनजवळच्या खेड्यातून अमेरिकेत आला. मासेन हे आडनाव नव्हे, 'मासचा मुलगा' एवढाच त्याचा अर्थ. गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं ते पुढच्या पिढ्यांनी. रूझवेल्ट घराण्याचा मूळ पुरुष क्लास मार्टेन्सन व्हॅन रोझेनव्हेल्ट. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग ठिकाण. अगदी आपल्या हजेरीपटासारखं!

त्यामुळे नुसत्या आडनावाच्या मागे लागणारा इथे हमखास फसतो. खरा आधार चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींचा. त्यात मूल, आईवडील आणि साक्षीदार यांची नावं सापडतात. बायकांचं माहेरचं नावही बहुधा तसंच राहिलेलं असतं. १६६४ मध्ये इंग्रजांनी न्यू अ‍ॅमस्टरडॅम घेऊन त्याचं न्यूयॉर्क केलं, तरी डच रिफॉर्म्ड चर्चमधली डच भाषा पुढे कित्येक वर्षं टिकली. १७८२ मध्ये जन्मलेले व्हॅन ब्यूरनही घरी डचच बोलत मोठे झाले.

इथवर सगळं छान. पण शोध इथेच थांबवून 'आमचं घराणं किती जुनं' म्हणत मिरवायचं, हे मला पटत नाही.

कारण त्याच न्यूयॉर्क प्रांतात १७९७ च्या सुमारास इझाबेला नावाची एक मुलगी जन्मली. तिचीही पहिली भाषा डचच. पण ती डच मालकाच्या घरची गुलाम होती. ती नऊएक वर्षांची असताना मेंढ्यांच्या कळपासोबत तिला शंभर डॉलरला विकलं. नवा मालक इंग्रजी बोलणारा. त्याचं बोलणं तिला कळेना, म्हणून तिने मार खाल्ला. हीच पुढे गुलामगिरीविरुद्ध बोलणारी सोजर्नर ट्रुथ. व्हॅन ब्यूरन यांच्या वडिलांच्या घरीही गुलाम होतेच. डच रक्त शोधणाऱ्या वंशावळीत या माणसांना जागा कुठे? भाषा मात्र त्यांचीही तीच होती.

१९३५ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांना त्यांच्या पूर्वजांच्या धर्माबद्दल विचारलं गेलं. ते ज्यू, कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट कुणीही असू शकतील, असं त्यांनी कळवलं. ते चांगले नागरिक आणि देवाला मानणारे होते का, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटत होतं. मला हे उत्तर आवडतं. फक्त मी त्यात एक प्रश्न जोडीन: त्यांच्या घरात राबणारे कोण होते?

आपल्या मंडळातही कुणी ना कुणी घराण्याचा इतिहास लिहायला घेईलच. जरूर लिहा. आजीला विचारा, जुन्या नोंदवह्या चाळा. पण शेतावरच्या गड्याचं, घरी कामाला येणाऱ्या बाईचं नाव सापडलं, तर तेही लिहा. आडनाव सापडलं नाही, तर नुसतं नाव लिहा. वगळू मात्र नका.