केक फ्रीजमध्ये असताना

सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये हल्ली केक डेकोरेशनच्या वर्कशॉपचं पेव फुटलंय. पोस्टरवर ‘कम्युनिटी’ हा शब्द असतोच. पण प्रत्येकापुढे वेगळं किट, आधीच क्रीम लावलेला केक, वर चार गुलाब काढले की सेल्फी आणि चला घरी! शेजारी बसलेल्याचं नावही कळत नाही.

खरं तर केकला घाई चालत नाही. स्पंजचे कण निघू नयेत म्हणून आधी क्रीमचा पातळ थर, म्हणजे क्रंब कोट, लावतात आणि केक 20-30 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवतात. गप्पा होतात त्या याच वेळात. आयोजक नेमका तोच वाचवतात.

‘बॅचलर्स’कडे संशयाने बघणाऱ्या सोसायटीत भाड्याने राहणारी पोरं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एरवी बोलणार कुठे? लिफ्टमध्ये? (तिथे तर सगळे मोबाइलमध्ये.) आमचं म्हणणं साधं आहे. चौघांत एकच टर्नटेबल द्या. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने पायपिंग बॅग दाबायची. केक एगलेस ठेवा, म्हणजे कुणी नुसतं बघत बसणार नाही. आणि मे महिन्यात क्रीम वितळायला लागलंच, तर फ्रीजसाठी काकूंची बेल वाजवायला पोरांनाच पाठवा.