होडीची हरवलेली फळी

फोपनारहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या चिरंजीवांनी भोपाळच्या बड्या तलावावर शिडाची होडी चालविण्याचे शिक्षण घेतले आणि आता एक जुनी, दोघांपुरती होडी विकत घेतली. शीड आहे, सुकाणू आहे; मधली फळी, जिला सेंटरबोर्ड म्हणतात, ती मात्र हरवलेली. गावचे सुतार सागवानाची फळी करून देण्यास तयार आहेत. पण मुलाला धीर नाही. ‘तोवर फळीवाचून चालवू,’ असे तो म्हणतो.

आमचे उत्तर स्पष्ट आहे : चालवू नये.

वल्ह्याने वा बांबूने चालणाऱ्या नावेला अशी फळी लागत नाही. शिडाची गोष्ट निराळी. वारा बाजूने आला, की होडी पुढे जाताजाता आडवीही सरकू लागते. तळाच्या फटीतून पाण्यात उभी उतरलेली फळी हे सरकणे अडविते. म्हणूनच नागमोडी मार्गाने वाऱ्याच्या दिशेकडे जाता येते. फळी नसेल, तर वारा नेईल तिकडे जावे आणि परतीची आशा सोडावी.

याहून गंभीर कारण पुढेच आहे. अशा होड्या उलटतात, शिकलेल्यांच्याही उलटतात. तेव्हा कुशीवर पडलेल्या होडीच्या तळातून बाहेर आलेल्या याच फळीवर उभे राहून, होडीचा काठ धरून, अंगाच्या भाराने ती सरळ करावयाची असते. फळी नसेल, तर पाय कोठे ठेवणार?

आता कृती. त्याच जातीच्या दुसऱ्या होडीची फळी पाहून पुठ्ठ्यावर आकार उतरून घ्यावा. अखंड सागवानी फळी भिजून वाकण्याची व फटीत अडकण्याची भीती असते, त्यापेक्षा आय. एस. ७१० प्रतीचे मरिन प्लायवूड बरे. जाडी फटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी असावी. पाण्यातील भागाची पुढची कड गोल व मागची निमुळती तासावी; फटीत राहणारा भाग मात्र सपाटच ठेवावा. कडांना व खिळीच्या भोकालाही आतून इपॉक्सीचे लेप द्यावेत. उलटल्यावर फळी निसटू नये, म्हणून ती दोरीने बांधावी. पहिली चाचणी शिक्षकांसमक्ष, जीवरक्षक जाकीट घालून, होडी मुद्दाम उलटवून घ्यावी.

मुलाचा उत्साह मोडू नका. त्याला सुतारांच्या हाताखाली रंधा धरू द्या. स्वतः तासलेल्या फळीवर उभे राहताना त्याला तिचे मोल सांगावे लागणार नाही.